पावसाच्या गावातले विक्रम

दोस्तांनो, घरात जगाचा नकाशा असेल तर जरा उघडा बघू. अमेरिकेच्या डाव्या बाजूला, अगदी वरच्या कोपऱ्यात बोट ठेवा. तिथं समुद्राचं पाणी जमिनीत खूप आतपर्यंत घुसलेलं दिसेल. त्या पाण्याच्या काठावर आहे सिअ‍ॅटल. तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाचं नाव या शहराला दिलेलं आहे.

सिअ‍ॅटल म्हणजे पावसाचं गाव, असं अमेरिकेत कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. पण गंमत अशी, की या गावात वर्षभरात पाऊस पडतो सुमारे ९५० मिलिमीटर. आपल्या मुंबईत याच्या दुपटीहून जास्त पडतो, आणि तोही चार महिन्यांत! मग हे पावसाचं गाव कसं? तर इथला पाऊस पडत नाही, भुरभुरतो. ऑक्टोबरात सुरू झाला की मे महिन्यापर्यंत आपला रोज थोडा थोडा चालूच. इथली माणसं छत्रीसुद्धा घेत नाहीत, टोपी डोक्यावर ओढतात आणि चालू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र आकाश निळंशार होतं. मग दक्षिणेकडं बर्फानं माखलेला एक प्रचंड डोंगर दिसायला लागतो. त्याचं नाव माउंट रेनियर. उंची ४,३९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटीहून जास्त. तो दिसला की इथले लोक एकमेकांना सांगतात, "आज डोंगर बाहेर आलाय!" जसा काही तो एरवी घरात बसलेला असतो.

माझी बहीण सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड गावात राहते. या भागात संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत, त्यामुळं मराठी घरंही पुष्कळ. गणपतीत आरत्यांचा आवाज ऐकू येतो आणि दुकानात भाकरीचं पीठ मिळतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडं गेलो होतो. गावातला तो प्रसिद्ध उंच मनोरा बघितला, १९०७ पासून चालू असलेल्या पाइक प्लेस बाजारात कोळी एकमेकांकडं भलेमोठे मासे फेकतात तेही बघितलं. पण ते सगळं तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी सांगणार आहे ते बाराव्या वर्षात असलेल्या माझ्या भाचीनं दाखवलेल्या सिअ‍ॅटलबद्दल. आणि तिच्या वहीबद्दल.

ही वही म्हणजे साधी शंभरपानी, पण तिच्यात गणित नाही आणि निबंधही नाहीत. तिच्यात आहेत सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाचे विक्रम. एका हंगामात सर्वांत जास्त काय काय झालं, कुणी केलं, कधी केलं. आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेलं : 'मोडेल', 'नाही मोडणार', किंवा नुसतंच प्रश्नचिन्ह.

"पेन्सिलीनं का गं?" मी विचारलं.

"मामा, मत बदलतं ना!" ती म्हणाली.

आता तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील, आम्हाला बेसबॉल कुठं येतो? काळजी नको. क्रिकेट येतं ना, मग निम्मं काम झालं. दोन्हीकडं नऊ-नऊ खेळाडू. गोलंदाजाला म्हणायचं पिचर. तो चेंडू टप्पा न टाकता थेट फेकतो. यष्टिरक्षकाच्या जागी बसतो तो कॅचर. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू मारायचा आणि पहिल्या ठाण्यावर पोचायचं, झाली 'हिट'. चारही ठाणी फिरून घरी परत आलात की एक धाव. चेंडू सीमेपलीकडच्या प्रेक्षकांत गेला की 'होमरन', म्हणजे आपला षटकार, पण त्याची धाव एकच (पुढच्या ठाण्यांवर आपली माणसं उभी असतील तर त्यांच्याही धावा मिळतात). तीन चुका केल्या की 'स्ट्राइकआउट', चला तंबूत! तीन गडी बाद झाले की डाव बदलतो. असे नऊ डाव. आणि एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. हा १६२ आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सामन्याच्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. रेडमंडहून सिअ‍ॅटलला जायचं तर मधे वॉशिंग्टन सरोवर लागतं. ते इतकं खोल आहे, की पुलाचे खांब तळापर्यंत नेणं अवघड. म्हणून तिथं चक्क तरंगता पूल बांधलाय! काँक्रीटच्या प्रचंड पोकळ पेट्या पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्यावरून रस्ता जातो. लांबी सव्वादोन किलोमीटरच्याही वर. जगातला सर्वांत लांब तरंगता पूल हाच. काँक्रीट कसं तरंगेल, असा प्रश्न पडला असेल तर विज्ञानाच्या बाईंना विचारा आणि आर्किमिडीजचं नाव सांगून टाका.

मैदान शहराच्या दक्षिण टोकाला आहे. जवळून आगगाडीचे रूळ जातात. सामना ऐन रंगात आलेला असताना मालगाडीचा भोंगा वाजतो, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. मैदान १९९९ च्या जुलैमध्ये सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव सेफको फील्ड होतं, २०१९ च्या हंगामापासून टी-मोबाइल पार्क. बसायची जागा सुमारे ४८ हजार. आणि त्याला आहे सरकतं छप्पर! तीन मोठे तुकडे चाकांवरून रुळावर सरकत येतात आणि सुमारे नऊ एकर जागा झाकून टाकतात. बाजू मात्र उघड्याच राहतात, म्हणजे खोली नाही, छत्रीच. छत्री न वापरणाऱ्या गावानं सगळ्या गावाला पुरेल अशी एक छत्री बांधून ठेवलीय म्हणा ना.

आत खायला काय काय मिळतं! लसूण लावलेले बटाट्याचे काप, जपानी सुशी, आणि खरंच सांगतो, भाजलेले तिखटमीठ लावलेले नाकतोडे. मेक्सिकोत खातात तसे. भाची म्हणाली, "मामा, एक खाऊन तरी बघ." मी बटाटे खाल्ले.

हे मैदान होण्याआधी मरिनर्स किंगडोम नावाच्या काँक्रीटच्या घुमटात खेळत. संघ १९७७ मध्ये स्थापन झाला आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं नुसता हरत होता. १९९४ च्या जुलैमध्ये तर सामन्याआधी घुमटाच्या छताचे तुकडेच खाली पडले. मैदान बंद. संघाला सामान बांधून गावोगाव फिरत परक्या मैदानांवर खेळावं लागलं. संघ दुसऱ्या गावाला विकला जाणार, अशी बोलणी सुरू होती. मग आलं १९९५ चं साल. ८ ऑक्टोबर १९९५ ला न्यू यॉर्क यँकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात एडगर मार्टिनेझनं एक चेंडू डावीकडच्या कोपऱ्यात हाणला आणि पहिल्या ठाण्यावरून केन ग्रिफी ज्युनियर वाऱ्यासारखा धावत घरी पोचला. मरिनर्स जिंकले. त्या एका फटक्यानं संघ गावात राहिला असं इथले लोक मानतात. लगेच नव्या मैदानाला पैसे मंजूर झाले. जुना घुमट २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडला.

आता वहीकडं वळू या.

पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलंय : २००१, ११६ विजय. १६२ पैकी ११६! यापेक्षा जास्त सामने एका हंगामात मेजर लीगमध्ये आजवर कुणीच जिंकलेले नाहीत. १९०६ मध्ये शिकागो कब्जनंही ११६ जिंकले होते, एवढीच काय ती बरोबरी. आणि हे कधी घडलं? तर संघाचे तीन सर्वांत मोठे तारे एकामागून एक सोडून गेले तेव्हा. उंचच उंच पिचर रँडी जॉन्सन १९९८ मध्ये गेला, ग्रिफी २००० च्या सुरुवातीला, आणि त्याच वर्षाअखेरीस अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज. सगळ्यांना वाटलं, आता हा संघ बसला. आणि त्यांनी ११६ सामने जिंकले.

पण पुढं? अंतिम फेरीच्या आधीच यँकीजनी त्यांना ४-१ असं घरी पाठवलं. आणि नंतर तर कहरच झाला. २००१ नंतर थेट २०२२ पर्यंत हा संघ बाद फेरीत पोचलाच नाही. एकवीस वर्षं! म्हणजे २००१ मध्ये पाळण्यात असलेलं मूल कॉलेजात गेलं तरी नाही.

या विक्रमापुढं भाचीनं 'नाही मोडणार' लिहिलंय. मला ते पटतं. त्यानंतरच्या वर्षांत सर्वांत जास्त विजय मिळवले ते लॉस एंजेलिस डॉजर्सनी, २०२२ मध्ये, १११. तेवढा पैसा आणि तेवढे तारे असूनही विक्रम मोडायला सहा कमीच पडले. शिवाय आता बाद फेरीत जास्त संघांना जागा मिळते. त्यामुळं सप्टेंबरमध्ये जागा पक्की झाली की संघ आपल्या चांगल्या खेळाडूंना विश्रांती देतात. ११७ वा विजय कुणाला हवाय?

आता सर्वांत सुंदर पान. इचिरो सुझुकी!

इचिरो जपानहून २००१ मध्ये आला. अंगानं सडपातळ. अमेरिकेतले धिप्पाड गडी बघून लोकांना वाटलं, याचं इथं काय होणार? तो डावखुरा फलंदाज. चेंडू मारता मारताच त्याचं एक पाऊल पहिल्या ठाण्याकडं पडलेलं असायचं. साधा जमिनीवरून गेलेला चेंडूही उचलून फेकेपर्यंत हा ठाण्यावर उभा. बॅटची तो इतकी काळजी घ्यायचा, की तिला दमट हवा लागू नये म्हणून खास पेटीत ठेवायचा. पहिल्याच वर्षी त्यानं २४२ हिट केल्या. आणि २००४ मध्ये २६२. हा नुसता मरिनर्सचाच विक्रम नाही, साऱ्या मेजर लीगचा आहे.

आधीचा विक्रम होता सेंट लुइसच्या जॉर्ज सिस्लरचा, २५७ हिट, साल १९२०. चौऱ्याऐंशी वर्षं तो टिकला. १ ऑक्टोबर २००४ ला सिअ‍ॅटलच्या याच मैदानात इचिरोनं तो मोडला. त्या रात्री प्रेक्षकांत सिस्लरची ८१ वर्षांची मुलगी बसलेली होती. वडिलांचा विक्रम मोडताना बघायला ती मुद्दाम आली होती. विक्रम झाल्यावर इचिरो तिच्यापाशी गेला, तिचा हात हातात घेतला. पुढं २००९ मध्ये तो सेंट लुइसला गेला असताना सिस्लरच्या कबरीवर जाऊन फुलंही वाहून आला.

पण थांबा, इथं एक भांडण आहे. सिस्लरच्या काळात हंगाम १५४ सामन्यांचा असायचा, इचिरोच्या काळात १६२ चा. मग घाला त्रैराशिक! १५४ सामन्यांत २५७, तर १६२ सामन्यांत किती? उत्तर येतं साधारण २७०. म्हणजे सिस्लरच मोठा? माझ्या मेहुण्याचं मत तसं आहे. भाचीला ते अजिबात मान्य नाही. ती म्हणते, "बाबा, इचिरोच्या वेळी पिचर जास्त फास्ट टाकायचे, आणि रात्री मॅच, आणि सारखं विमानानं फिरायचं. त्याचं त्रैराशिक घाल ना!" सिअ‍ॅटल इतर गावांपासून खूप दूर कोपऱ्यात असल्यामुळं मरिनर्सना विमानप्रवास फार करावा लागतो, हे मात्र खरं. मी दोघांच्याही मधे पडलो नाही. जेवणाची वेळ झाली होती.

हा विक्रम मोडेल? मला विचाराल तर आता कठीण आहे. आजचे फलंदाज होमरनच्या मागं लागलेत. मोठा फटका मारायला जायचं, आणि फसलं तर स्ट्राइकआउट. एकेक हिट जमवत बसायला कुणाला वेळ नाही. २०२५ च्या संपूर्ण हंगामात साऱ्या मेजर लीगमधल्या एकाही खेळाडूला २०० हिटसुद्धा गाठता आल्या नाहीत. २६२ तर दूरच! इचिरोनं मात्र ओळीनं दहा वर्षं दोनशेच्या वर केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये, मी तिथं होतो त्याच महिन्यात, त्याचा ५१ क्रमांक संघानं समारंभ करून निवृत्त केला.

मधली काही पानं मी भराभर उलटतो. रँडी जॉन्सननं १९९३ मध्ये ३०८ स्ट्राइकआउट घेतले. हा माणूस ६ फूट १० इंच उंच! त्याच्यासमोर उभं राहायचं म्हणजे नारळाच्या झाडावरून कुणीतरी दगड मारतोय असं वाटत असणार. हा विक्रमही राहील, कारण आता पिचरच्या खांद्याला फार जपतात, पाच-सहा डाव टाकले की दुसऱ्याला आणतात. जेमी मॉयरची गोष्ट उलट. त्याचा चेंडू इतका हळू यायचा की फलंदाजच गोंधळून जात. २००३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यानं २१ सामने जिंकून दिले. मरिनर्सच्या कुठल्याही पिचरचा तो विक्रम आहे.

मोडेल असा विक्रम मात्र एक नक्की आहे. हॅरॉल्ड रेनॉल्ड्स, १९८७, ६० 'चोऱ्या'.

चोरी म्हणजे काय? पिचर चेंडू टाकायच्या तयारीत असताना त्याचा डोळा चुकवून एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर पळायचं. बेसबॉलमध्ये ही चोरी कायदेशीर असते, बरं का! त्या काळी चोरांचा राजा होता रिकी हेंडरसन. १९८० पासून सात वर्षं तोच पहिला. १९८७ मध्ये त्याला दुखापत झाली आणि रेनॉल्ड्स पहिला आला. रेनॉल्ड्स स्वतःच सांगतो, की हंगाम संपल्यावर त्याला हेंडरसनचा फोन आला. त्याला वाटलं, अभिनंदन करायला असेल. तर हेंडरसन म्हणाला, अरे, साठ? लाज वाटायला हवी तुला! मी तर अर्ध्या हंगामातच साठ करतो. एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला!

२०२३ पासून नियम बदलले आहेत. ठाण्यांच्या उशा १५ इंचांच्या होत्या त्या १८ इंचांच्या झाल्या, म्हणजे अंतर थोडंसं घटलं. आणि चोरावर नजर ठेवायला पिचर पूर्वी कितीदाही थांबू शकायचा, आता दोनदाच मुभा. तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि चोर सापडला नाही, तर चोराला पुढचं ठाणं फुकट! लगेच फरक पडला. २०२३ मध्ये अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्यानं ७३ चोऱ्या केल्या, २०२४ मध्ये सिनसिनाटीच्या एली डे ला क्रूझनं ६७. तेव्हा मरिनर्सच्या एखाद्या पोराच्या पायात वारं शिरलं, की रेनॉल्ड्सचे साठ गेलेच समजा. भाचीनंही 'मोडेल' लिहिलंय, आणि खाली दोन रेघा ओढल्यात.

आता ते पान, ज्याच्यासाठी २०२५ च्या उन्हाळ्यात सारं सिअ‍ॅटल जागं होतं. एका हंगामातले होमरन.

जुना विक्रम केन ग्रिफी ज्युनियरचा, ५६. तोही दोनदा, १९९७ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये. ग्रिफी म्हणजे इथल्या आईबाबांच्या पिढीचा लाडका. त्याचा पुतळाच आहे मैदानाबाहेर. पण त्याच्या बाबतीत एक हळहळ आहे. १९९४ मध्ये तो सुसाट सुटला होता. संघाचे ११२ सामने झाले तेव्हा त्याचे ४० होमरन झाले होते. आणि १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला! मालक आणि खेळाडू यांचं पैशांवरून भांडण. हंगाम तिथंच संपला. पुन्हा त्रैराशिक घाला पाहू : ११२ सामन्यांत ४०, तर १६२ मध्ये किती? जवळजवळ ५८. मोठ्यांच्या भांडणात मुलांचं काय काय बुडतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. भाचीच्या वहीत मात्र तो समासात लिहिलेला आहे.

ग्रिफीचा विक्रम मोडायला आला कॅल रॉली. हा आहे कॅचर. दोस्तांनो, कॅचरचं काम म्हणजे काय ते समजून घ्या. अंगावर चिलखत, तोंडावर जाळी, आणि दर चेंडूला उकिडवं बसायचं. एका सामन्यात शंभराहून जास्त वेळा उठाबशा! गुरुजी वर्गात काढायला लावतात त्या दहा उठाबशांनी आपले पाय भरून येतात. असे पाय घेऊन कॅचर लोक फलंदाजीत फारशी कमाल करत नाहीत. रॉलीच्या आधी कुठल्याही कॅचरनं एका हंगामात ४८ च्या वर होमरन मारलेले नव्हते.

रॉलीचं एक टोपणनाव आहे, 'बिग डंपर'. तो उकिडवा बसला की त्याचा जो भाग प्रेक्षकांना सर्वांत मोठा दिसतो, त्यावरून सहकाऱ्यानं ठेवलेलं. यापेक्षा जास्त मी तुमच्या आईबाबांसमोर लिहू शकत नाही.

२०२२ मध्ये एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवणाराही हाच. ३० सप्टेंबरला शेवटच्या डावात, बरोबरीत अडकलेल्या सामन्यात त्याला दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला पाठवलं, आणि त्यानं होमरन मारून सामना आणि बाद फेरी दोन्ही जिंकून दिली. २०२५ च्या जुलैमध्ये अटलांटाला होमरन मारायची स्पर्धा झाली, तीही त्यानंच जिंकली. तिथं त्याला चेंडू टाकत होते त्याचे वडील, आणि मागं कॅचर म्हणून बसला होता त्याचा पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ!

आम्ही गेलो त्या दिवशी मात्र रॉलीचा एकही चेंडू बाहेर गेला नाही. एक उंच गेला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि तो कुंपणाजवळ अलगद झेलला गेला. भाची म्हणाली, "दुसऱ्या कुठल्याही ग्राउंडवर तो गेला असता!" हे उगाच म्हणून सोडून देऊ नका. समुद्रावरून येणारी इथली हवा थंड असते. थंड हवा उष्ण हवेपेक्षा जास्त दाट, म्हणून चेंडूला जास्त अडवते. फलंदाजांना सर्वांत अवघड जाणाऱ्या मैदानांत सिअ‍ॅटलचं नाव वर असतं. तिथं खेळून रॉलीनं काय केलं, ते आता ऐका.

सप्टेंबरमध्ये त्यानं ग्रिफीला गाठलं आणि मागं टाकलं. २४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री घरच्या मैदानावर त्यानं एकाच सामन्यात दोन मारले, एकोणसाठावा आणि साठावा. त्याच रात्री मरिनर्स आपल्या गटात पहिले आले, २००१ नंतर प्रथमच. साठचा आकडा मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात गाठलाय फक्त सात जणांनी. त्यांतल्या तिघांच्या नावावर उत्तेजक औषधांचं सावट आहे, म्हणजे उरले चार.

हा मोडेल का? रॉली १९९६ चा जन्मलेला, अजून वय आहे. पण गुडघे किती वर्षं साथ देणार? मला वाटतं, साठ फार काळ राहील. भाचीच्या रकान्यात मात्र तेव्हाही प्रश्नचिन्ह होतं आणि आजही आहे. ती म्हणते, ग्रिफीचा विक्रम मोडेल असंही बाबांना वाटलं नव्हतं.

या मैदानात आणखी एक शर्यत होते, ती सांगायलाच हवी. डावांच्या मधे चार माणसं सामन माशांचे भलेमोठे पोशाख घालून पळतात. त्यांची नावं किंग, सॉकाय, सिल्व्हर आणि हंपी. २०२४ मध्ये ही शर्यत सुरू झाली, आणि बिचारा हंपी कधीच जिंकत नसे. कधी पडायचा, कधी भलतीकडंच जायचा. पोरं घसा कोरडा करून ओरडायची, "हंपी! हंपी!" अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीच्या दिवसांत, हंपी पहिल्यांदा जिंकला, आणि सगळं मैदान वेड्यासारखं नाचलं.

मरिनर्सनी त्या फेरीत डेट्रॉइटला शेवटच्या सामन्यात हरवलं. नऊ डावांत निकाल लागेना, सामना चालला पंधरा डाव! मग समोर आला कॅनडातल्या टोरांटोचा संघ. सातपैकी चार जिंकायचे. मरिनर्स ३-२ असे पुढं होते. एकच विजय हवा होता. सहावा हरले. २० ऑक्टोबरला सातवा सामना. सहा डाव झाले तेव्हा मरिनर्स ३-१ नं पुढं. सातव्या डावात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरनं एकाच फटक्यात तीन धावा मिळवल्या. संपलं. ४-३.

मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत. त्यांतले एकोणतीस कधी ना कधी वर्ल्ड सिरीज या अंतिम फेरीत खेळलेले आहेत. २०२५ च्या अखेरपर्यंत एकच संघ तिथं एकदाही पोचलेला नव्हता. तो म्हणजे ११६ विजयांचा, २६२ हिटचा आणि साठ होमरनचा सिअ‍ॅटल मरिनर्स.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. माझ्या इकडं रात्र, तिच्याकडं सकाळ, शाळेला निघायची गडबड. आवाज रडवेला होता, पण ती म्हणाली, वहीत नवीन ओळ लिहिली आहे. विक्रम : वर्ल्ड सिरीजला पोचणे. आजवर : शून्य.

"आणि शेवटच्या रकान्यात?" मी विचारलं.

"'मोडेल'," ती म्हणाली. "पेननं लिहिलंय."